आखाती आणि अमेरिकी विमान कंपन्यांचे भांडण : कॉकपिटमधून ते कसे दिसते?

पश्चिमवारा

मार्च २०१५ मध्ये डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या तीन अमेरिकी कंपन्यांनी एक जाडजूड अहवाल जाहीर केला होता. एमिरेट्स, एतिहाद आणि कतार एअरवेज यांना दहा वर्षांत त्यांच्या सरकारांकडून ४२ अब्ज डॉलरांची मदत मिळाली असून अशा कंपन्यांशी बरोबरीची स्पर्धा होऊच शकत नाही, असा त्यांचा आरोप होता. अमेरिकेने संयुक्त अरब अमिराती आणि कतार यांच्याशी केलेले ‘ओपन स्काइज’ करार (एकमेकांच्या विमान कंपन्यांना हव्या तितक्या फेऱ्या करू देणारे) नव्याने तपासावेत, ही त्यांची मागणी होती. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने कतार एअरवेजशी भागीदारी जाहीर केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युनायटेडने एमिरेट्सशी. म्हणजे ज्यांच्यावर दावे ठोकण्याची भाषा चालली होती, त्यांचीच तिकिटे आता या कंपन्या आपल्या खिडकीतून विकतात.

मी न्यू जर्सीत राहतो आणि विमान क्षेत्राशी माझा संबंध प्रवाशापुरताच आहे. माझा मावसभाऊ मात्र आखातातील एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, आणि आमचे शेजारी एका अमेरिकी कंपनीत कॅप्टन आहेत. दोघेही बोइंग ७७७ चालवतात. गेल्या दिवाळीत भावाचा लेओव्हर (दोन उड्डाणांमधला मुक्काम) नेमका न्यूयॉर्कला आला, म्हणून तो फराळाला घरी आला आणि शेजाऱ्यांशी त्याची गाठ पडली. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, “तुझा नंबर किती?” भावाला तो प्रश्नच कळला नाही. पुढे तासभर बोलणे झाल्यावर असे दिसले की, दोघांनाही दुसऱ्याचेच बरे चालले आहे असे वाटत होते.

या भांडणात खरे कोण होते, आणि विमान चालवणाऱ्यांच्या आयुष्याशी त्याचा काय संबंध होता, यावर जाणकारांनी लिहावे.

लेखापाल

आकड्यांबद्दल मी लिहितो, कारण या वादात दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे रकाने दाखवले.

अमेरिकी कंपन्यांनी मांडलेल्या ४२ अब्जांपैकी मोठा वाटा एतिहाद आणि कतार यांच्या नावावर होता. सरकारने दिलेली बिनव्याजी कर्जे, भांडवल म्हणून ओतलेला पैसा, विमानतळावरील सवलती अशा बाबी त्यात होत्या. एमिरेट्सचा वाटा त्या मानाने लहान होता आणि त्यांनी त्याच वर्षी दोनशेहून अधिक पानांचे उत्तर देऊन तो बहुतांशी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. एतिहादची गोष्ट वेगळी आहे. ही कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली आणि सरकारी तिजोरी पाठीशी नसती, तर एअर बर्लिन, अलिटालिया, जेट एअरवेज अशा डळमळत्या कंपन्यांत पैसे घालण्याची चैन तिला परवडली नसती, हे मान्य करायला हरकत नसावी.

परंतु दुसरा रकानाही पाहा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी संसदेने विमान कंपन्यांसाठी ५ अब्ज डॉलरांची रोख मदत आणि १० अब्जांपर्यंतच्या कर्जहमीची तरतूद केली. त्यानंतर युनायटेड डिसेंबर २००२ मध्ये, डेल्टा व नॉर्थवेस्ट सप्टेंबर २००५ मध्ये आणि अमेरिकन नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’खाली गेल्या. या तरतुदीत कंपनी बंद पडत नाही. न्यायालयाच्या छत्राखाली ती देणी कमी करून घेते, करार मोडते आणि हलकी होऊन बाहेर येते. युनायटेडने २००५ मध्ये आपल्या निवृत्तिवेतन योजना सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात घातल्या. मग ही मदत नव्हे काय, असा आखाती कंपन्यांचा प्रतिप्रश्न होता आणि त्याचे सरळ उत्तर मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सगळ्या अमेरिकी कंपन्या या आघाडीत नव्हत्याच. फेडेक्स आणि जेटब्लू यांनी उघडपणे ओपन स्काइजची बाजू घेतली, कारण फेडेक्सचे दुबईत मोठे केंद्र आहे आणि जेटब्लूला एमिरेट्सचे उतारू मिळत होते. बोइंगला तर एमिरेट्ससारखे गिऱ्हाईक दुसरे नाही. २०१३ मध्ये त्यांनी एका दमात १५० ‘७७७ एक्स’ विमानांची मागणी नोंदवली होती. तेव्हा ‘अमेरिका विरुद्ध आखात’ असे या वादाला म्हणणे मला पटत नाही. तीन अमेरिकी कंपन्या विरुद्ध तीन आखाती कंपन्या, एवढेच ते होते.

कोपरखळी

थोडक्यात, एकाला वडिलांनी पैसे दिले आणि दुसऱ्याला न्यायालयाने कर्ज माफ केले. दोघेही स्वकष्टाचे गोडवे गातात.

जुहूकर

मी गेली काही वर्षे आखातातील एका कंपनीत कमांडर, म्हणजे कॅप्टन आहे. कंपनीचे नाव लिहिणार नाही, याबद्दल क्षमस्व.

लेखापाल यांच्या हिशेबात भूगोलाचा रकाना राहिला आहे. एमिरेट्सचे पहिले उड्डाण २५ ऑक्टोबर १९८५ रोजी कराचीला झाले. ते विमान पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेले होते आणि मुंबई हे त्यांच्या सुरुवातीच्या मोजक्या शहरांपैकी एक होते. त्या वेळी ही कंपनी आखाती मजुरांची ने-आण करणारी एक प्रादेशिक कंपनी होती. पुढे लांब पल्ल्याची विमाने आली आणि दुबईहून एका टप्प्यात जगातील बहुतेक मोठी शहरे गाठता येऊ लागली. रात्री विमानतळ बंद ठेवण्याचा नियम तिथे नाही. म्हणून मध्यरात्रीनंतर मुंबई, कोची, ढाका, मनिला येथून आलेली विमाने एका पाठोपाठ एक उतरतात आणि सकाळपर्यंत तेच प्रवासी युरोप-अमेरिकेच्या विमानांत बसलेले असतात. अमेरिकी कंपनीला अटलांटाहून दुबईला विमान न्यायचे, तर ते भरण्यासाठी दुबईलाच जाणारे प्रवासी हवेत. एमिरेट्सला मात्र दुबईच्या पलीकडच्या शंभर शहरांचे प्रवासी मिळून ते विमान भरता येते. युनायटेडने जानेवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टन-दुबई सेवा थांबवली आणि पुढच्याच महिन्यात डेल्टाने अटलांटा-दुबई. त्यांनी दोष अनुदानाला दिला, परंतु नकाशाचा हात त्यात निम्म्याहून अधिक होता, असे माझे मत आहे.

आता आयुष्याबद्दल. आमच्याकडे येणारा वैमानिक घर, मुलांच्या शाळेचे शुल्क, वैद्यकीय खर्च आणि करमुक्त पगार यांच्या हिशेबाने येतो. घर कंपनीचे किंवा कंपनीच्या भत्त्यातले असते. कंपनीचा तळ एकच शहर असल्यामुळे सगळे तिथेच राहतात आणि कामावर जायला कंपनीची गाडी दाराशी येते. हे सगळे खरे आहे. परंतु यातील प्रत्येक गोष्ट नोकरीला बांधलेली आहे. नोकरी सुटली की निवास परवाना रद्द होतो, घर सोडावे लागते, मुलांची शाळा सुटते आणि हे सगळे काही आठवड्यांत उरकायचे असते. कामगार संघटना अमिरातीत चालत नाहीत, त्यामुळे रोस्टरबद्दलची, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दलची तक्रार ही प्रत्येकाची एकट्याची तक्रार असते.

थकव्याचा विषय थोडा विस्ताराने सांगतो. दुबई-लॉस एंजेलिस हे उड्डाण सुमारे सोळा तासांचे असते आणि त्यात चार वैमानिक असतात. दोघे चालवतात, दोघे वर बंकमध्ये झोपतात. झोप नियमाने मिळते, पण लागतेच असे नाही. लॉस एंजेलिसला चोवीस तास काढून परत आलात की शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे ठरवता येत नाही. तरीही मी लांब उड्डाणे पसंत करतो, कारण खरा थकवा मध्यम पल्ल्याच्या रात्रीच्या फेऱ्यांत आहे. रात्री अकराला निघून कोची किंवा कोलंबोला जायचे, तासाभरात परत फिरायचे आणि सकाळी उन्हात घरी येऊन जाड पडदे ओढून झोपायचे, असे लागोपाठ झाले की माणूस चिडका होतो. घरच्यांना विचारा.

मार्च २००९ मध्ये मेलबर्नला एमिरेट्सच्या एअरबस ए३४० विमानाचे शेपूट उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर घासले. संगणकात विमानाचे वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले होते, एवढीच चूक. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने या घटनेचा सविस्तर अहवाल दिला. त्या दोन्ही वैमानिकांना राजीनामा द्यावा लागल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. आखातात काम करणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला ही घटना आकड्यांसकट पाठ असते. एक अंक चुकला तर काय होते, हे त्यातून कळते. चुकल्यावर आपल्या बाजूने बोलायला कोण उभे राहील, हा प्रश्नही पडतो.

सरोवरकाठ

जुहूकर यांचे वाचल्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो. माझा जन्म मिशिगनचा आहे. मराठी घरातले आहे, त्यामुळे चुका झाल्यास सांभाळून घ्या. मी एका मोठ्या अमेरिकी कंपनीत आहे.

‘नंबर’ म्हणजे सिनियॉरिटी क्रमांक. कंपनीत रुजू झालेल्या तारखेने तो ठरतो आणि त्यानंतर तुमचे सगळे आयुष्य त्यावर चालते. कोणते विमान, कोणता तळ, नाताळची सुटी, कॅप्टन कधी होणार, हे सगळे त्या यादीतील जागेवर ठरते. वीस वर्षे कॅप्टन असलेला माणूस कंपनी बदलून गेला, तर नव्या कंपनीत तो यादीच्या तळाशी बसतो, आणि त्याच्यावरचा पंचवीस वर्षांचा मुलगा त्याच्याआधी सुटी निवडतो. म्हणून आमच्याकडे कोणी नोकरी बदलत नाही. कंपनी बुडाली तर नंबरही बुडतो.

आमच्या दोन संघटना जुन्या आहेत. एअर लाइन पायलट्स असोसिएशन १९३१ ची आहे आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांची वेगळी संघटना १९६३ ची. २०१५ च्या मोहिमेत आमच्या संघटना कंपन्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. एक लांब पल्ल्याचे दैनंदिन उड्डाण गेले की पंधराशे अमेरिकी नोकऱ्या जातात, हा आकडा आम्ही छातीला बिल्ले लावून सांगत होतो. गंमत अशी की, ज्या व्यवस्थापनांनी दहा वर्षांपूर्वी आमची निवृत्तिवेतने बुडवली होती, त्यांच्याच शेजारी आम्ही उभे होतो. माझ्या बरोबरच्या एका वयस्क कॅप्टनने सभेत तसे बोलूनही दाखवले होते.

२००१ ते २०१३ हा काळ इथल्या वैमानिकांसाठी वाईट होता. हजारोंना घरी बसवले गेले. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले आणि वरचे लोक जागेवरच राहिल्यामुळे खालची रांग पाच वर्षे हललीच नाही. याच काळात कितीतरी अमेरिकी वैमानिक दुबई, दोहा आणि चीनला गेले. म्हणजे ज्या कंपन्यांना आम्ही पुढे नावे ठेवली, त्यांनीच आमच्या माणसांना पोसले होते.

छोट्या प्रादेशिक कंपन्यांचे हाल तर विचारूच नका. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडले आणि ५० माणसे गेली. तपासात असे दिसले की, फर्स्ट ऑफिसर सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती, तिचा तळ मात्र नेवार्क होता, आणि आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून देश ओलांडून आली होती. पगार इतका तुटपुंजा होता की तळाच्या शहरात खोली घेणे परवडणारे नव्हते. त्यानंतर फर्स्ट ऑफिसरसाठीही साधारणपणे १,५०० तास उड्डाणाच्या अनुभवाची अट आली. त्या दोन्ही वैमानिकांकडे तेवढे तास आधीच होते, ही बाब निराळी. २०१४ पासून विश्रांतीचे नियमही कडक झाले.

आज चित्र उलटे आहे. २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांना चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ मिळाली आणि बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. पश्चिमवारा, तुमचे शेजारी आज सुखात असतील. २००६ मध्ये ते काय करत होते, तेही त्यांना विचारा.

पश्चिमवारा

विचारले. नोकरीवरून कमी केल्यामुळे ते तीन वर्षे घरांचे गहाणखत करून देणाऱ्या कचेरीत काम करत होते, आणि २००८ मध्ये तीही कचेरी बंद पडली.

अंगणवेल

मी वैमानिक नाही. मी दोह्यात राहणारी वैमानिकाची पत्नी आहे, आणि या धाग्यावर घराबद्दल कोणीतरी लिहायला हवे.

५ जून २०१७ ला सकाळी उठलो तेव्हा सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडलेले होते आणि आमच्या विमानांना त्यांच्या आकाशातून जाण्याची मनाई झाली होती. दोह्याहून बाहेर पडायला इराणच्या बाजूने एक अरुंद वाट उरली. दुबई तासाभराच्या अंतरावर. तिथे माझी बहीण राहते. तिला भेटण्यासाठी मला मस्कतमार्गे जावे लागत असे. हे जानेवारी २०२१ पर्यंत चालले. पहिल्या आठवड्यात दुकानातले दूध संपले, मग तुर्कस्तानातून आले, आणि पुढे विमानातून गायीच आणल्या. गायींची विमाने कोण चालवते आहे, यावर आमच्या इमारतीत बरेच विनोद झाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा धरून दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप हातात नेण्यास बंदी केली होती. कारण सुरक्षेचे सांगितले गेले. या मार्गांवर अमेरिकी कंपन्यांची विमाने नव्हतीच, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येकाने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. एमिरेट्सने पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या फेऱ्या कमी केल्या. मोठ्यांच्या भांडणात रोस्टर बदलते, आणि रोस्टर बदलले की मुलाच्या वाढदिवसाला बाबा घरी नसतो, एवढे मला कळते.

घराबद्दल लिहिते. घर प्रशस्त आहे, पण भिंतीला खिळा मारण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बारा वर्षांत मी तीन कुटुंबांना निरोपाचे जेवण दिले, आणि तिघांच्याही घरी फ्रिज, सोफा, कुंड्या विकण्याची घाई एकसारखीच होती. आमचे पुण्यातले घर बंद आहे. आम्ही दर महिन्याला सोसायटीची देखभाल भरतो आणि वर्षातून तीन आठवडे तिथे राहतो.

लेखापाल

करोनाच्या वर्षाची नोंद राहिली. २०२० मध्ये अमेरिकी संसदेने प्रवासी विमान कंपन्यांच्या पगारांसाठी पहिल्याच हप्त्यात २५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि अट घातली की ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला कामावरून काढता येणार नाही. दुबई सरकारनेही एमिरेट्समध्ये भांडवल घातले. मार्च २०२१ पर्यंत ते सुमारे ३.१ अब्ज डॉलर झाले होते. फरक असा की, अमेरिकेतील पैशाला पगाराची अट होती आणि दुबईतील पैशाला नव्हती. त्या वर्षात एमिरेट्स समूहातील कर्मचाऱ्यांची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. अनुदानाच्या भांडणात माणसाचा प्रश्न शोधायचा असेल, तर तो या एका अटीत सापडेल.

जुहूकर

लेखापाल, अगदी बरोबर. मला नेमके हेच म्हणायचे होते आणि तुम्ही ते दोन ओळींत मांडले. एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानावर असलेल्यांचे त्या वर्षी सर्वाधिक हाल झाले, कारण विमानेच उभी होती आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीत त्या विमानाची गरज नव्हती.

हिशेबी

दोन शंका आहेत. पहिली : आखातातील पगार सर्वांनाच करमुक्त असतो का? दुसरी : अमेरिकेत वैमानिकांचा तुटवडा असल्याचे आपण वाचतो, मग आपली मुले दोह्याला का जातात, डॅलसला का जात नाहीत?

सरोवरकाठ

पहिल्या शंकेचे उत्तर अमेरिकी नागरिकांपुरते देतो. आमचे सरकार नागरिकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. परदेशी मिळकतीला ठरावीक रकमेपर्यंत सूट आहे, पण ती परदेशाच्या भूमीवर किंवा आकाशात केलेल्या कामाला मिळते. महासागरावर घालवलेले तास परदेशात धरले जात नाहीत आणि अमेरिकेवरचे तर नाहीतच. दुबई-न्यूयॉर्क करणाऱ्या माझ्या एका अमेरिकी मित्राला दर वर्षी आपल्या फेऱ्यांचे तास समुद्र आणि जमीन असे वेगळे करून करसल्लागाराला द्यावे लागतात.

जुहूकर

भारतीय नागरिक अनिवासी असेल, तर त्याच्या आखाती पगारावर भारतात कर लागत नाही. २०२० च्या अर्थसंकल्पानंतर भारतातील उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असणाऱ्यांना काही बाबतींत ‘निवासी’ मानण्याची तरतूद आली आहे. तिचा परदेशी पगारावर परिणाम होत नाही, परंतु भारतात भाडे व गुंतवणूक असणाऱ्यांनी चार्टर्ड अकाउंटंटला विचारून घ्यावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर व्हिसा हेच आहे. अमेरिकी कंपन्या सर्वसाधारणपणे आधीच काम करण्याचा हक्क असलेल्यांनाच घेतात, म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. संगणक अभियंत्याला ज्या वाटेने नेले जाते, ती वाट वैमानिकाला सहसा लागू पडत नाही. त्यामुळे पश्चिमवारा यांच्या भावापुढे दोन पर्याय होते आणि त्याने आखात निवडले, असे नाही. त्याच्यापुढे एकच दार उघडे होते. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची सेवा थांबली, तेव्हा मुंबईतील शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले. त्यांतील अनेकांनी हेच दार ठोठावले. एतिहादने २०१३ मध्ये जेटचा २४ टक्के हिस्सा घेतला आणि त्याच सुमारास अबू धाबीसाठीच्या आठवड्याच्या जागा सुमारे १३ हजारांवरून ५० हजारांवर नेण्याचा करार झाला, हे आठवत असेल. आपले प्रवासी आधी तिकडून जाऊ लागले, मागाहून आपले वैमानिक गेले.

कोपरखळी

आणि आता दोन्ही बाजूंनी समेट केला आहे म्हणता. २०१८ मध्ये अमेरिकेचा कतार आणि अमिराती यांच्याशी या वादावर समझोता झाला होता. त्यात आखाती कंपन्यांनी नक्की काय सोडले?

लेखापाल

फार काही नाही. जानेवारी २०१८ मध्ये कतारशी आणि मे महिन्यात अमिरातीशी समझोता झाला. लेखापरीक्षित ताळेबंद जाहीर करायचे आणि मिलान-न्यूयॉर्क किंवा अथेन्स-नेवार्क यांसारख्या तिसऱ्या देशातून अमेरिकेला जाणाऱ्या नव्या फेऱ्या तूर्त आखायच्या नाहीत, एवढेच त्यात होते. चालू फेऱ्या तशाच राहिल्या. डेल्टाने मात्र त्या समझोत्याचा हवाला देऊन मुंबईची थेट सेवा जाहीर केली, डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क-मुंबई विमान सुरूही केले, आणि मार्च २०२० मध्ये करोनाने ते बंद झाले.

हिशेबी

शेवटचे एक विचारतो. माझी भाची यंदा बारावीला आहे आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. प्रशिक्षण अमेरिकेत घेतले तर पुढे तिकडे किंवा आखातात जाणे सोपे होईल का?

जुहूकर

अमेरिकेतील प्रशिक्षणाने अमेरिकेत नोकरीचा हक्क मिळत नाही. तिथला परवाना घेऊन परत आल्यावर डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा देऊन तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. आखाती कंपन्या नवशिक्या परदेशी उमेदवारांना सहसा घेत नाहीत. त्यांना जेट विमानावरचे हजारो तास लागतात. ते तास भाचीला भारतातच भरावे लागतील. भारतातली कंपनी सोडताना कमांडरला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची पूर्वसूचना देण्याचा डीजीसीएचा नियम आहे, तोही वेळापत्रकात धरावा. शुल्क भरण्यापूर्वी तिची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांचा किंवा कानाचा एखादा दोष पैसे भरल्यावर निघालेली मुले मी पाहिली आहेत.